गाळातला कार्बन तिप्पट येतोय? भट्टीला दोष देण्याआधी हे तपासा

गेली चौदा वर्षं मी इंदूरला गाळ वाळवते, जाळते आणि तोलते. दिवाळी सरली, तलावांचं पाणी जरा स्थिरावलं, की पोरं नळ्या घेऊन गाळ काढायला जातात, आणि संक्रांतीच्या आसपास त्यांतलं कुणीतरी वही छातीशी धरून माझ्या दारात उभं राहतं. "ताई, आकडा चारशे सत्तर येतोय. मागच्या बॅचचा त्याच तलावाचा साठ होता. भट्टी बिघडलीय का?"

भट्टी बहुतेक वेळा ठणठणीत असते. चूक इतर चार-पाच ठिकाणी असते, आणि दर वर्षी त्याच चार-पाच ठिकाणी. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आपण काय मोजतो ते आधी स्पष्ट असू द्या. तलावाच्या तळाशी दर वर्षी किती सेंद्रिय कार्बन गाडला जातो, हे तीन आकड्यांच्या गुणाकारातून निघतं: गाळ वर्षाला किती सेंटिमीटर चढतो, त्या ओल्या गाळाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये कोरडा माल किती ग्रॅम आहे (ही कोरडी घनता), आणि त्या कोरड्या मालात सेंद्रिय कार्बन किती टक्के आहे. समजा अर्धा सेंटिमीटर, 0.6 ग्रॅम आणि 2 टक्के. गुणाकार 0.006 ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. चौरस मीटरमध्ये 10,000 चौरस सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला चौरस मीटरमागे 60 ग्रॅम कार्बन. पैसा आणि काळजी सगळी तिसऱ्या आकड्यावर खर्च होते, आणि उत्तर बिघडतं ते बरेचदा पहिल्या दोनांमुळे.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

एकाच नळीचे दोन भाग दोघांनी मोजले आणि उत्तरं दुपटीने वेगळी आली. भट्टीत जाळून निघालेला टक्का, म्हणजे जळताना कोरड्या गाळाचं किती टक्के वजन गेलं तो आकडा, वरपासून खालपर्यंत जवळजवळ सपाट आहे. (जिवंत तलावात वरचा थर सहसा जास्त सेंद्रिय असतो. सपाट रेघ म्हणजे तुम्ही दुसरंच काही मोजताय.) भट्टीचा आकडा भरपूर, पण डायक्रोमेटचा (भट्टीऐवजी या रसायनाने कार्बन मोजायची दुसरी पद्धत) त्याच्या निम्माही नाही. डायक्रोमेट टाकताच नारंगी रंग हिरवा पडतो. कोरडी घनता 1.5 च्या वर निघते. आणि सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे आकडा इतका मोठा की मार्गदर्शक खूश होतात.

मोठा आकडा आला म्हणून तो खोटाच, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, शेतजमिनीतून खत वाहून येणाऱ्या जलाशयांत, वर्षाला चौरस मीटरमागे 148 पासून 17,000 ग्रॅमपर्यंत कार्बन गाडला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे सांडपाणी घेणारे तलाव आहेतच. त्यामुळे नुसतं डोळ्यांनी "जास्त वाटतंय" म्हणून आकडा फेकू नका. तपासा.

आधी वही आणि कॅल्क्युलेटर. खर्च शून्य

वीस मिनिटं लागतात. 10,000 ने गुणलंय की 100 ने, ते पाहा. टक्के 2 असे घातलेत की 0.02, ते पाहा. मग सगळ्यात फसवी जागा: भट्टीतून निघतो तो सेंद्रिय पदार्थ, सेंद्रिय कार्बन नव्हे. पदार्थाचा कार्बन करायला मातीवाले 0.58 ने गुणतात. तलावाच्या गाळाला 0.47 च्या आसपासचा गुणक जास्त जवळचा असतो, कारण शेवाळातलं सेंद्रिय द्रव्य जमिनीतल्या जुन्या ह्यूमससारखं कार्बनने भरलेलं नसतं. काही पोरं हा गुणक लावायलाच विसरतात, काही दोनदा लावतात. एकाने भट्टीच्या आकड्याला 1.724 ने गुणलं होतं. तो 0.58 चाच उलटा आकडा, कार्बनवरून पदार्थ काढण्याचा. उत्तर तिप्पट झालं आणि तीन आठवडे भट्टी बदनाम झाली.

मग तलावाच्या काठावर चहा

हे प्रयोगशाळेत कुणी शिकवत नाही. नळी काढलीत त्या जागेचा इतिहास विचारा. चौकीदाराला विचारा, सिंघाडे लावणाऱ्यांना विचारा, मासे धरणाऱ्यांना विचारा. एका तलावावर आमची नळी फारच सुंदर निघाली होती, साठ सेंटिमीटर, एकसारखी काळी. सिंघाडेवाला म्हणाला, "मैडम, यहाँ से तो मिट्टी गाड़ी भर-भर के गई थी।" उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकण्याची पद्धत माळव्यात जुनी आहे, आणि ती शेताला चांगलीच आहे. पण उपसलेल्या जागेवरची नळी म्हणजे मधली पानं फाडलेली वही. तिच्यावर कालगणना, म्हणजे थरांचं वय काढायला गेलात तर पैसे पाण्यात.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या. तलाव कधी पूर्ण आटतो का? आटला तर काळी माती हातभर भेगाळते, वरचा माल भेगांतून खाली पडतो, आणि हवा लागून कार्बन जळतो. मूर्तींचं विसर्जन कुठे व्हायचं? प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात जिप्सम होतं, आणि जिप्समच्या वजनात 21 टक्के पाणी असतं. हे पाणी 105 अंशांच्या ओव्हनमध्ये सावकाश जातं, उरलेलं भट्टीत जातं आणि सेंद्रिय पदार्थ म्हणून मोजलं जातं. आणि नाल्याचं तोंड कुठे आहे?

तलावात उतरण्याआधी परवानगी मात्र घ्या. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. तिथे नळी खुपसणं ही कॉलेजची सहल नव्हे.

घनता: इथे इंदूरकर सर्वांत जास्त फसतात

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आपली माती काळी, बेसाल्टची, स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीने भरलेली. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. रस्त्याकडेच्या शेतात मे महिन्यात पाहा, भेगेत पाय जातो. तोच स्वभाव तलावाच्या गाळाचाही. आता एखादी मुलगी गाळाची वडी ओव्हनमध्ये वाळवते, मग त्या वाळलेल्या ढेकळाचं आकारमान मोजते आणि वजनाला त्याने भागते. उत्तर येतं 1.8. आकडा खराच आहे, पण तो ढेकळाचा आहे. तळाशी पाण्यात तो गाळ त्याच्या तिप्पट जागा व्यापून बसलेला असतो.

वरचंच उदाहरण घ्या. 0.6 च्या जागी 1.8 घातलं की 60 चे 180 होतात. त्यातच भट्टीत 9 टक्के वजन गेलं आणि त्याला 0.58 लावून 5.22 टक्के कार्बन धरला, की होतात 470. कुणी खोटं बोललेलं नाही, उपकरण बिघडलेलं नाही, आणि साठाचे चारशे सत्तर झालेले आहेत. माझ्या दारात उभं राहतं ते हेच चारशे सत्तर.

उपाय दहा रुपयांचा. औषधाच्या दुकानातून जाड सिरिंज आणा, तिचं पुढचं टोक ब्लेडने सपाट कापा, नळी कापल्या-कापल्या ओल्या थरात खुपसून नेमके 2 किंवा 5 घन सेंटिमीटर काढा. दट्ट्या गाळाच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवा आणि सिरिंज खाली ढकला, म्हणजे हवा अडकणार नाही. हे आकारमान वहीत लिहा, मग वाळवा. आकारमान ओल्याचं, वजन कोरड्याचं.

नळी उन्हात गाडीत पडून राहिली असेल तर आतला गाळ कुजून वायूचे बुडबुडे धरतो, फुगतो, आणि घनता उलट कमी निघते. नळी उभी, थंड आणि अंधारात आणा. रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी टाकून आणलेली नळी मी परत पाठवते.

नळी गाळात शिरताना आतला गाळ घर्षणाने दबतो, तेही बघायला हवं. नळी बाहेरून किती शिरली आणि आत गाळाची उंची किती आहे, दोन्ही मोजा. बाहेर 60 आणि आत 48 असेल तर बारा सेंटिमीटर कुठे गेले? नुसतंच दबलं असेल तर बिघडत नाही, फक्त सेंटिमीटरऐवजी वरून खालपर्यंतचं साठत गेलेलं कोरडं वजन धरून हिशोब करा. पण मऊ थर नळीत न शिरता बाजूला सरकले असतील तर तो माल गेलाच. मग रुंद नळी घ्या, सावकाश उतरवा, पुन्हा काढा.

ओव्हन, डेसिकेटर, भट्टी

105 अंशांवर रात्रभर, काळ्या मातीला पूर्ण 24 तास. बाहेर काढल्यावर लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे नमुना कोरडा ठेवणाऱ्या बंद भांड्यात, आणि त्यातला ओल शोषणारा सिलिका जेल निळा (कोरडा) आहे की गुलाबी (ओलावलेला) तेही बघा. स्मेक्टाइट हवेतलं पाणी आधाशासारखं पितं. पावसाळ्यात उघड्या क्रुसिबलचं (भट्टीत ठेवायच्या छोट्या वाटीचं) वजन तराजूवर डोळ्यांदेखत चढताना दिसतं. ते पाणी पुढे भट्टीत उडतं आणि तुमच्या खात्यात कार्बन म्हणून जमा होतं.

भट्टीची परीक्षा सोपी आहे. एकच गाळ नीट वाटून मिसळा, पाच क्रुसिबलमध्ये भरा, एक दाराशी, एक मागे, दोन कोपऱ्यांत, एक मध्ये. 550 अंशांवर चार तास. पाचांची उत्तरं पसरली तर भट्टीच्या आतलं तापमान सगळीकडे सारखं नाही. मग दाराजवळची ओळ रिकामी ठेवा आणि दर वेळी तितकीच क्रुसिबल लावा. समोरचा आकडा 550 दाखवतोय म्हणून आतही 550 आहे, यावर विश्वास ठेवू नका.

चुना आणि चिकणमाती

वाळलेल्या गाळावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. आमच्याकडे जवळजवळ नेहमीच फसफसतं. काळ्या जमिनीतली चुनखडी पावसाबरोबर वाहून येते, शिवाय गोगलगाईंचे शंख असतात. 550 वर हा चुना बऱ्यापैकी टिकतो, पण भट्टीने उडी मारून 700 गाठलं तर तोही जळायला लागतो. चुना किती ते बघायचं असेल तर 550 नंतर तेच क्रुसिबल 950 वर दोन तास ठेवा. या दुसऱ्या टप्प्यात जाणारं वजन मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचं. त्याला 2.27 ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेट, 0.273 ने गुणलं की असेंद्रिय कार्बन. हा गाडलेल्या सेंद्रिय कार्बनमध्ये मिळवायचा नाही, मोह झाला तरी.

चिकणमातीचं दुखणं जास्त चिवट. स्मेक्टाइटच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं आणि ते साधारण 500 ते 700 अंशांच्या दरम्यान सुटतं, लोह जास्त असेल तर आधीच. म्हणजे 550 च्या भट्टीत सेंद्रिय पदार्थासोबत मातीही थोडी जळते. ती थोडी किती, हे दर तलावाला वेगळं. म्हणून मी पोरांना एक खोडी करायला लावते: तलावाशेजारच्या शेतातून दीड मीटर खोलीची माती आणा, जिथे कार्बन नावालाच असतो, आणि तीच भट्टीत घाला. जे वजन जाईल ते बहुतांशी मातीचंच पाणी. सपाट रेघेचं कोडं तिथेच सुटतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग. 375 अंशांवर 16 तास जाळा, तिथे मातीचं पाणी फारसं सुटत नाही. किंवा त्याच तलावाच्या दहा-बारा नमुन्यांचा कार्बन दुसऱ्या पद्धतीने मोजून घ्या, भट्टीच्या आकड्यांशी त्याचा आलेख काढा आणि बाकीचे शंभर नमुने त्या रेघेवरून वाचा. दुसरा मार्ग महाग, पण मला तोच पटतो. परगावच्या तलावाचा गुणक उसना आणू नका.

डायक्रोमेट

वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत 1934 ची, माती तपासणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत चालते, त्यामुळे स्वस्तात होते. तिच्यात साधारण 77 टक्केच कार्बन पकडला जातो म्हणून 1.3 ने गुणतात. तलावाच्या गाळात अडचण वेगळी आहे. तळाशी प्राणवायू नसतो, तिथे फेरस लोह आणि सल्फाइड साठतं, आणि ही दोन्ही डायक्रोमेट खातात. कार्बन नसतानाही कार्बन दिसतो. सडक्या अंड्याचा वास येणारा ओला गाळ थेट फ्लास्कमध्ये टाकू नका, आधी पसरून हवेत वाळवा, म्हणजे लोह गंजून जाईल. रंग लगेच हिरवा पडला तर नमुना निम्मा करून पुन्हा करा. दहा मिलिलिटरपैकी आठच्या वर डायक्रोमेट संपलं असेल तरी पुन्हा करा. उरलेलं डायक्रोमेट मोजायला वापरतात ते फेरस अमोनियम सल्फेटचं द्रावण बाटलीत बसूनही बिघडतं, त्यामुळे कोरा प्रयोग (नमुना न घालता केलेला) रोज, कालचा चालत नाही.

उरलेला द्रव मोरीत ओतायचा नाही. त्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं, कर्करोगकारक. ज्या तलावाचा कार्बन मोजतोय त्यालाच ते जाऊन मिळेल, हे सांगावं लागतं याचंच मला वाईट वाटतं.

मोठं यंत्र

नमुना जाळून त्यातला कार्बन थेट मोजणाऱ्या एलिमेंटल ॲनालायझरला नमुना लागतो दहा-वीस मिलिग्रॅम. शंखाचा एक कण त्यात गेला की खेळ खलास. म्हणून मैद्यासारखं वाटा. चुना काढायला चांदीच्या पुड्यांत नमुना ठेवून बंद भांड्यात ॲसिडची वाफ द्या. कथिलाच्या पुड्या ॲसिडला टिकत नाहीत. ॲसिडने धुतलात तर विरघळणारा सेंद्रिय कार्बनही वाहून जातो. आणि टक्का काढताना ॲसिडच्या आधीचं वजन धरा, कारण नंतर तयार झालेलं कॅल्शियम क्लोराइड पाणी ओढून वजन वाढवतं.

यंत्र नायट्रोजनही देतं. तो फुकटचा पडताळा सोडू नका. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण 4 ते 10 च्या दरम्यान आलं तर माल मुख्यतः शेवाळाचा, 20 च्या वर गेलं तर पालापाचोळ्याचा. शेवाळाने हिरवागार झालेला तलाव आणि प्रमाण 30 आलं, तर कुठेतरी सिंघाड्याचं मूळ वाटलं गेलंय. हे प्रमाण इंदूरला काही नवं नाही. 1924 नंतर अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच गावात खताचे ढीग रचले ते कार्बन-नायट्रोजनचा हा तोल सांभाळूनच, आणि कंपोस्टची ती रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली.

गाळाचं वय, आणि थांबायची जागा

तलाव धरणाचा असेल तर एक स्वस्त युक्ती आहे. धरण बांधल्याचं साल जुन्या नोंदींतून काढा, नळी जुन्या जमिनीपर्यंत जाऊ द्या, वरच्या गाळाचं एकूण कोरडं वजन वर्षांनी भागा. माळव्यात गोम अशी की गाळही काळा आणि खालची जमीनही काळी. रंगावर जाऊ नका. जुनी जमीन बोटाला घट्ट लागते, तिच्यात गवताची मुळं आणि चुनखडीचे खडे असतात, आणि कोरडी घनता तिथे एकदम वर उडी घेते. सिरिंज इथेही कामाला येते.

याच्या पुढे शिशाची कालगणना, आणि इथे मी हात वर करते. शिसे-210 हे गाळात साठणारं किरणोत्सारी शिसं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 22 वर्षं, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचा गाळ वाचता येतो. तलावाच्या गाळावर ही पद्धत 1971 साली मांडणाऱ्यांत एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल हे दोन भारतीय होते. पण गामा मोजणीसाठी, म्हणजे त्याचे किरण मोजायला, नमुना हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा लागतो, खडकातून येणारं शिसं वजा करावं लागतं, आणि गाळ एकसारखा चढत आला की कमी-जास्त, यावर वेगवेगळी गणितं लागतात. जोडीला सीझियम-137 हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ बघतात, 1963 च्या सुमाराच्या अणुचाचण्यांची खूण म्हणून. त्याचं अर्धायुष्य 30 वर्षं. म्हणजे त्या सालचं सीझियम आता जेमतेम चौथा हिस्सा उरलंय. आपल्याकडे ते मुळातच थोडं, त्यामुळे शिखर दिसलं नाही तरी घाबरू नका. हे काम त्यातल्या जाणकार प्रयोगशाळेचं आहे. एक्सेलमध्ये रेघ ओढून स्वतः वय काढू नका.

आणखी तीन वेळा थांबून जाणकाराला बोलवा. पाणी छातीच्या वर असेल तर नावाडी आणि लाइफ जॅकेटशिवाय नळी नाही. शिसं खोलीनुसार कमी होण्याऐवजी वर-खाली होत असेल, तर गाळ ढवळलेला आहे, दुसरी जागा शोधायला भूवैज्ञानिक हवा. आणि एका नळीवरून पूर्ण तलावाचा आकडा मागत असतील, तर नाही म्हणा. सगळ्यात खोल जागी गाळ घसरत येऊन जास्त साठतो, काठाला जवळजवळ नसतोच. खोलीनुसार पाच-सहा नळ्या तरी हव्यात, आणि त्यांची सरासरी कशी धरायची ते नकाशा जाणणाऱ्याला विचारा.

कालगणनेला पाठवताना डब्यात फक्त माती पाठवू नका. प्रत्येक थराची खोली, ओलं वजन, कोरडं वजन, सिरिंजचं आकारमान आणि नळी बाहेरून किती शिरली होती, एवढं कागदावर लिहून सोबत द्या. नळीचा अर्धा भाग उभा चिरून शीतपेटीत ठेवा, झाकणावर तारीख आणि तलावाचं नाव पक्क्या शाईने. मार्करची शाई ओल्या प्लास्टिकवरून पुसली जाते, पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी आत घाला.